चार उलटे, एक सुलटा

जुना गिअरबॉक्स समोर आला की मी सगळ्यात आधी त्याचा वास घेतो. तेलाचं झाकण काढायचं, नाक जवळ न्यायचं आणि एक दीर्घ श्वास. चांगल्या गिअर ऑइलला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो आला की माझा चेहरा खुलतो. करपट वास आला की समजायचं, या बॉक्सने आयुष्यात फार सोसलंय. माझी बायको कुसुम म्हणते, "माझ्या भाजीचा कधी एवढ्या प्रेमाने वास घेतला नाहीत." खरं आहे. पण भाजीत मला कधी कोणी फसवलेलं नाही.

मी शेलार गावचा. भिवंडीत लूमच्या गराऱ्या बनवणाऱ्या एका लेथवर हात काळे करायला लागलो, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. गरारी म्हणजे दातेरी चाक. लूममध्ये एक लहानसं चाक बदललं की तेच सूत, तेच मशीन, पण कापड दाट निघतं किंवा विरळ. गाडीच्या गिअरबॉक्सचं शास्त्र याहून वेगळं नाही. दहा दातांचं चाक चाळीस दातांच्या चाकाला फिरवत असेल तर वेग कमी आणि जोर जास्त; दात जवळजवळ सारखे असतील तर जोर कमी आणि वेग जास्त. एवढं कळलं की निम्मा धंदा कळला. उरलेला निम्मा शिकायला मला चाळीस वर्षं लागली, आणि एक धडा तर अगदी अलीकडे मिळाला. तोच सांगायला बसलोय.

कशेळीच्या रस्त्याला गोदामांच्या रांगेत माझा छोटा गाळा आहे. पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणारे हौशी लोक मुंबईहून, पुण्याहून माझ्याकडे येतात. नवा गिअरबॉक्स या गाड्यांना मिळत नाही. कंपनीच त्या बनवायची थांबली, तिथे सुटे भाग कोण बनवणार? मग कुठूनतरी वापरलेला बॉक्स शोधायचा, तो माझ्यापुढे ठेवायचा आणि विचारायचं, "मिस्त्री, हा घेऊ का?" मी वास घेतो. थोडं तेल वर्तमानपत्रावर ओततो. त्यात पिवळी चमक दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती पितळी कड्यांची झीज. पांढरी टोकदार कणी दिसली आणि चुंबकाला चिकटली, तर आत दात तुटलाय. मग वहीत मी एकच शब्द लिहितो. 'धावेल', 'चालेल' किंवा 'बसेल'. बसेल म्हणजे घरात शोभेला बसेल. माझ्या 'बसेल'चा इतका दरारा आहे की एका गृहस्थाला तिथेच घेरी आली होती. कुसुमने त्याला लिंबू सरबत दिलं.

फसवणारेही भेटतात. एका दलालाने आणलेला बॉक्स असा मऊ आवाज करत होता की मला गहिवरून आलं. उघडला तर आत लाकडाचा भुसा आणि केळ्याच्या साली! भुशाने खडखड दबते, सालींनी चाकं बुळबुळीत होतात. म्हटलं, "दोस्त, थोडं दूध घातलं असतंस तर शिकरण झालं असतं." तो हसला, बॉक्स उचलून गेला आणि पुढच्या महिन्यात दुसरा घेऊन आला. त्यातही केळं होतं. माणूस फळांवर प्रेम करणारा, दुसरं काय!

माझ्या दोन पद्धती आहेत, त्यांचा मला गर्व होता. होता असंच म्हणायला हवं.

पहिली, मोजणी. गिअर कितीचा आहे ते मी पुस्तकात बघत नाही. आमच्याकडे येणाऱ्या काही बॉक्सना दोन बाजूंना दोन दांडे असतात, तिथून चाकं फिरतात. कुसुम एक दांडा घट्ट धरते. दुसऱ्यावर खडूची खूण. इंजिनाकडचा दांडा मी हाताने फिरवतो आणि खूण एक फेरा घेऊन परत वर येईपर्यंत ती मोठ्याने मोजते. एक दांडा धरून ठेवला की दुसरा दुप्पट फिरतो, म्हणून मोजणीची दुप्पट म्हणजे गिअर. ती अंगणवाडीताई होती, निवृत्त झाली. मोजताना आवाज अजून तसाच. "एऽऽक, दोऽऽन..." शेजारच्या गोदामातले हमालही तिच्याबरोबर म्हणायला लागतात. मोजणी झाली की आम्ही स्कूटरवरून घरी जातो. पस्तीस वर्षं ती मागे बसून माझ्या पाठीशी बोलत आली आहे आणि मी वाऱ्यात "हो हो" म्हणत आलो आहे.

दुसरी पद्धत, ऐकणी. बॉक्स गाडीत बसला की गाडी जॅकवर उचलायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉक्सला, मूठ माझ्या कानाला आणि डोळे मिटलेले. डोळे उघडे असले की कान आळशी होतो, हा माझा सिद्धांत. डोळे मिटून मी कुठल्या चाकाचा कितवा दात दुखतोय ते सांगू शकतो, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली.

आता हिराजीशेठ.

हिराजीशेठ तरे जवळच्याच वळ गावचे. पूर्वी भातशेती, खाडीत मासे. नंतर जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि शेठ झाले. त्यांच्या एका गोदामात कुणा भाडेकऱ्याने ताडपत्रीखाली एक लाल गाडी सोडली होती. पुढे शेठनी ती रीतसर विकत घेतली. दोन सीटची, छप्पर मागे पडणारी, इंजिन सीटच्या पाठीमागे. युरोपातली कुठलीतरी बंद पडलेली कंपनी. शेठ गाळ्यावर आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, गारी हाय, इंजीन हाय, मधला डबाच न्हाय."

"शेठ, लाखो जुन्या गाड्यांत हीच का?"

शेठ एकदम लाजले. सत्तरी ओलांडलेला, हातात चार अंगठ्या असलेला माणूस लाजतो तेव्हा बघण्यासारखा असतो. "ते आमचे हौसाला इचारा."

हौसाकाकी बाहेर टेम्पोत बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी बसल्या जागेवरून मला सगळं सांगितलं. "आमचे घरान गाऱ्या लय झाल्या, मिस्त्री. टेंपो झाला, टरक झाला, आता पोराची सात जनांची हाय. पन मी कवा ह्यांचेसंगाती एकटी बसलीच न्हाय. पयले सासू पुरं, मी मागं. मंग मांडीवर पोरां. आता नातवां. लगीन झायलं तवा ह्ये बोलले होते, हौसा, तुला एकटीला गारीन फिरवीन. पन्नास वर्सां झाली." मग लाल गाडीचं नाव निघालं आणि काकींचा आवाज एकदम पोरीसारखा झाला. "दोन शिटांची हाय! तिसऱ्याला बसाला जागाच न्हाय!"

अडचण होती त्यांच्या मुलाची, दिनेशची. दिनेश वाईट नाही, हिशेबी आहे. त्याला लाल गाडीसाठी पुण्याचं गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याने आईवडिलांना सरळ सांगितलं होतं, की लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गाडी स्वतःच्या ताकदीवर गावदेवीपर्यंत गेली तर राहील. नाही गेली, तर दुसऱ्या दिवशी पुण्याचा ट्रेलर येईल. म्हणजे काकींची पन्नास वर्षांची फेरी माझ्या हातात आली. मला तर अंगात आल्यासारखं झालं.

महिनाभर शोधाशोध केल्यावर कुर्ल्याच्या रफीकभाईंकडे बॉक्स सापडला. त्याच कंपनीच्या मोठ्या घरगुती गाडीचा. "मिस्त्री, माल एक नंबर है, सूंघ लो," रफीकभाई म्हणाले. सूंघलं. कुजकी अंडी! तेल ओतलं, पिवळी चमक, पांढरं काही नाही. मग बाहेरून निरखला. जोडावर कंपनीचं कागदी गॅस्केट नव्हतं, लाल पेस्ट होती, आणि बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या ताज्या खुणा. कोणीतरी तो आधी उघडला होता आणि फार नीट बंद केला होता. मी रफीकभाईंना ऐटीत म्हटलं, "कोणीतरी जाणत्याने हात लावलाय याला." वहीत लिहिलं, 'धावेल'. पण त्या जाणत्याने तो का उघडला असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

इथे थोडं समजून घ्यावं लागेल. घरगुती गाडीत इंजिन अगदी शेपटीला, मागच्या चाकांच्याही मागे असतं. लाल गाडीत ते मागच्या चाकांच्या पुढे. बॉक्स तोच बसतो, पण त्याचं तोंड फिरवून. तोंड फिरलं की चाकंही उलटी फिरणार. पुढे जायचे चारही गिअर गाडी मागे नेणार. उपाय सोपा आहे. आत क्राउन नावाचं परडीएवढं मोठं दातेरी चाक असतं, ते एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला बसवायचं. हे शंभरात दोन मिस्त्रींना ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. मी बॉक्स उघडला, क्राउन काढला, वळच्या ट्रेलरांच्या गर्दीला साजेसा हळू चालीचा दुसरा क्राउन त्याच्या जोडीच्या लहान चाकासकट घेतला आणि तो विरुद्ध बाजूला बसवला. शिट्टी वाजवत.

मोजणीला बॉक्स टेबलावर उलटा पडला होता. कुसुमने दांडा धरला. "एऽऽक... दोऽऽन..." आठाला खूण वर आली, दुप्पट सोळा, पहिला गिअर अगदी हवा तसा. तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, हे दुसऱ्याच बाजूला फिरतंय का?"

"तू आकडा सांग, दिशा माझी मी बघतो."

हे वाक्य मी बोललो. ते आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरलं जातं.

माझा एक नियम होता. कुठलीही गाडी मी स्वतः कशेळीच्या पुलापर्यंत चालवून आणल्याशिवाय मालकाच्या ताब्यात देत नाही. पण काकींनी हात जोडले. "मिस्त्री, तुमी बसू नका. कोनीच बसू नका. त्या गारीन पयली बसाची ती मीच." पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या मागे बसलेल्या बाईला मी नाही कसं म्हणू? म्हणून वाढदिवसाच्या सकाळी गोदामात गाडी जॅकवर उचलून नुसती ऐकणी करायची ठरली. शेठच्या टेम्पोंचा मेकॅनिक बाहेर उभा राहून आत हात घालून गिअर टाकत होता, पाय पेडलवर; सीटला कुणी टेकलंसुद्धा नाही. मी खाली सतरंजीवर आडवा. स्क्रूड्रायव्हर कानाला, डोळे मिटलेले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. काय सांगू! लोण्यातून सुरी. एक दात कुरकुरला नाही. मी त्या सतरंजीवर पडल्या पडल्या हसत होतो. माझ्या नाकापासून हातभर अंतरावर मागची चाकं उलटी फिरत होती आणि मी डोळे मिटून समाधीत.

रविवार होता. गोदामाच्या दारात मांडव, ब्रास बँड, अर्धा गाव. गाडीच्या मागे कापडाच्या गाठींची थप्पी. कुसुमही नव्या साडीत आली होती. हिराजीशेठ पांढऱ्या सफारीत, काकी हिरव्या नऊवारीत, गळ्यात सोनं इतकं की गाडी एका बाजूला कलली असं कोणीतरी म्हणालं. दिनेश फोन हातात धरून उभा, चित्रीकरणाला. मी शेठला म्हटलं, "जयभीम शेठ, पहिला टाका आणि क्लच हळू सोडा."

शेठनी पहिला टाकला. क्लच सोडला. बँडने सूर लावला आणि गाडी सरळ मागे जाऊन कापडाच्या गाठींत घुसली.

सगळे हसले. "शेठ, गिअर चुकला!" शेठ खजील झाले. गाडी ढकलून पुढे आणली, पुन्हा पहिला. पुन्हा गाठींत. "दुसरा टाका," मेकॅनिक ओरडला. दुसऱ्याला गाडी अधिक जोमाने गाठींत. वरची एक गाठ गडगडत येऊन बँडच्या ढोलावर पडली.

तेव्हा माझ्या डोक्यात ती लाल पेस्ट पेटली. त्या जाणत्याने बॉक्स का उघडला होता? क्राउन फिरवायलाच! कुणीतरी अशाच गाडीसाठी तो आधीच फिरवून ठेवला होता. मी तो परत फिरवला. दुरुस्त केलेलं मी मोठ्या विद्वत्तेने बिघडवलं. गाडीला आता मागे जायचे चार गिअर होते आणि पुढे जायचा एकच, रिव्हर्स.

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. दिनेशने फोन खाली केला आणि वडिलांकडे बघितलं. मला त्या बघण्याची फार लाज वाटली. काकी मांडीवरची पर्स घट्ट धरून समोर बघत राहिल्या. ते मला जास्त लागलं.

मी गाडीजवळ गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी आहे. गाडीची नाही, शेठची नाही. शेठ, रिव्हर्स टाका."

"आता रिव्हर्स कशाला? मागं तर आपोआप जाते."

"टाका तर."

शेठनी रिव्हर्स टाकला आणि गाडी पुढे निघाली! माणसाच्या चालीने, गुणगुणत, पण पुढे. टाळ्या, शिट्ट्या. गावदेवीपर्यंत सगळं गाव तिच्याबरोबर चालत गेलं. बँड पुढे, पोरं बॉनेटला लटकलेली, बायका खिडकीतून काकींना हळद लावतायत, कोणीतरी काकींच्या मांडीवर एक तान्हं बाळही ठेवलं. मी घामाघूम होऊन बाजूने चालत होतो. गाडी देवळापाशी पोचली, नारळ फुटला. दिनेशने पुण्याला फोन लावला आणि म्हणाला, "नहीं साहब, गाडी घर में ही रहेगी." शब्दाचा पक्का निघाला.

म्हणजे जिंकलो. पण काकींचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी बाळ ज्याचं त्याला परत दिलं आणि मला हाताने जवळ बोलावलं. "मिस्त्री, ह्यो तर मोर्चा झायला. पन्नास जना होती माझे गारीन."

शरमेने माणूस कधी कधी चावटपणा करतो, तसा मी बोलून गेलो, "काकी, पुढे जायला एकच गिअर आहे. मागे जायचं असेल तर चार आहेत. कोणाच्या बापाला सापडणार नाही."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मग शेठकडे. "अवो, गारी फिरवा. मागचा त्वांड रस्त्याला करा."

"हौसा, वेडी झाली का?"

"फिरवा."

देवळापासून गोदामांकडे सिमेंटचा रुंद रस्ता जातो. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं, एरवी ट्रेलर वळतात म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा. गाडीचं तोंड गावाकडे, पाठ रस्त्याकडे. शेठनी मान वळवली, काकींनी मान वळवली. पहिला. गाडी गावाकडे तोंड करून गावापासून दूर जाऊ लागली. दुसरा! पोरं ओरडत पळाली, दिनेश पळाला, बँडवाला ढोलासकट पळाला. काकींचा पदर बॉनेटच्या दिशेला फडफडत होता आणि त्या मागे बघत शेठना हाताने रस्ता दाखवत होत्या, डावीकडं, उजवीकडं, जाऊ दे, जाऊ दे! गाडी लहान लहान होत गेली आणि शेवटच्या गोदामाच्या कोपऱ्यावर मागच्या मागे नाहीशी झाली. पळणारे सगळे वाकून धापा टाकत हसत होते. मी देवळाच्या पायरीवर बसलो. मलाही हसू येत होतं.

कुसुम शेजारी येऊन बसली. "दिशा तुम्ही बघणार होतात ना?"

अर्ध्या तासाने गाडी पुढे जायच्या त्या एकुलत्या गिअरमध्ये गुणगुणत परत आली. काकींचे केस विस्कटलेले, शेठच्या सफारीवर उसाच्या रसाचे डाग. कुठे गेला होतात, असं दिनेशने तीनदा विचारलं. दोघांनी सांगितलं नाही.

मी हात जोडून म्हटलं, "काकी, उद्या सकाळी बॉक्स काढतो. क्राउन फिरवतो, दोन दिवसांत गाडी सरळ करून देतो. एक पैसा घेणार नाही."

"न्हाय," काकी म्हणाल्या. "त्याला हात लावाचा न्हाय."

"अहो, पण गाडी उलटी आहे."

"सरल गारीन ह्ये पुरं बघतान, मी पुरं बघताव. उलटी चालवाची तर ह्यांना मान माझेकरं वलवाला लागते, मना ह्यांचेकरं." काकी थांबल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "पन्नास वर्सान पयल्यांदा ह्ये माझेकरं त्वांड करून बसलं."

शेठ गाडीचा आरसा पुसायला लागले. आरसा स्वच्छ होता.

वहीतला शब्द मी खोडला नाही. 'धावेल' लिहिलं होतं, धावलाच. दर रविवारी दुपारी वळच्या गोदामांच्या रस्त्यावर ती लाल गाडी उलटी फिरते आणि गेटवरचे वॉचमन सलाम ठोकतात. मिस्त्री म्हणून मला अजून वाईट वाटतं. हौशी लोक विचारतात, तुमचं सगळ्यात नावाजलेलं काम कोणतं, आणि मला ते सांगावं लागतं. आता मी ऐकणी डोळे उघडे ठेवून करतो आणि मोजणीत दिशा कुसुम बघते.

त्या संध्याकाळी वळहून स्कूटरवरून परत येताना ती बराच वेळ काही बोलली नाही. पस्तीस वर्षांत असं पहिल्यांदाच. शेलारच्या फाट्यावर मी काळजीने वेग कमी केला, तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"अहो, आपल्या स्कूटरला नसतो का हो एखादा उलटा गिअर?"

मी स्कूटर बाजूला घेतली, स्टँडवर लावली आणि वळून बसलो.